दाता, दानशूर, देणगीदार: अर्थ आणि वापर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका, देवळातला संगमरवरी फलक, रक्तदान शिबिराचं प्रमाणपत्र, संस्थेची पावती. असलं काही लिहायची वेळ आली की देणाऱ्याला नेमकं काय म्हणायचं, यावर माणसं अडतात. शब्द भरपूर आहेत. प्रत्येकाचं वजन मात्र वेगळं आहे. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

'दाता' या शब्दाचा मूळ अर्थ काय?

संस्कृतात 'दा' हा धातू आहे, अर्थ देणे. त्यापासून 'दातृ' झाला आणि त्याचं प्रथमेचं एकवचन 'दाता'. मराठीने हे प्रथमेचं रूपच उचललं. कर्तृपासून कर्ता, नेतृपासून नेता, वक्तृपासून वक्ता आले ते याच वाटेने. दान, प्रदान, देय, वरद, दत्त आणि आपलं रोजचं 'देणं' ही सगळी याच कुळातली मंडळी.

शब्दाच्या घडणीत फक्त 'देणारा' एवढंच आहे. किती देतो, मनापासून देतो की नाइलाजाने, याबद्दल घडण काही सांगत नाही. तरी 'तो मोठा दाता होता' असं कुणी म्हटलं की आपल्याला उदार माणूसच दिसतो. म्हणजे हा शब्द एकटा आला की त्यात उदारपणा आपोआप येतो. जोडशब्दाच्या शेवटी बसला की मात्र कधी येतो, कधी येत नाही. पुढच्या बऱ्याच प्रश्नांची किल्ली इथेच आहे.

मग करदाता उदार असतो का?

नसतो. कर कायद्याने भरावा लागतो. कर्जदाता तर व्याजासकट परत घेतो (त्याला जुना नेमका शब्द 'धनको', आणि कर्ज घेणाऱ्याला 'ऋणको'). रसायनशास्त्रात इलेक्ट्रॉन देणाऱ्या अणूलाही दाता म्हणतात. हे सगळे शब्द बरोबरच आहेत, फक्त त्यांतला 'दाता' कोरडा आहे.

याउलट जीवनदाता, प्राणदाता, विद्यादाता, आश्रयदाता, किंवा गणपतीला म्हणतात तो बुद्धिदाता, यांत कृतज्ञता भरलेली आहे. नियम असा नाही, पण खूण अशी: मिळालेली गोष्ट मागून किंवा हक्काने मिळण्यासारखी नसेल तर 'दाता' ओला होतो.

दाता आणि दानशूर यांत फरक काय?

एक सुभाषित बहुतेकांनी शाळेत पाठ केलेलं असतं:

शतेषु जायते शूरः सहस्रेषु च पण्डितः ।
वक्ता दशसहस्रेषु दाता भवति वा न वा ॥

शंभरांत एखादा शूर निपजतो, हजारांत एखादा पंडित, दहा हजारांत एखादा वक्ता. दाता मात्र निपजेल की नाही, कुणी सांगावं! इथे शूर आणि दाता या दोन वेगळ्या असामी आहेत आणि दात्याची पायरी सगळ्यांत वरची. 'दानशूर' या शब्दाने दोघांना एकत्र आणलं. देण्यातही शौर्य लागतं, हा त्यातला विचार. संस्कृत काव्यशास्त्रात वीररसाचे युद्धवीर, दयावीर, धर्मवीर आणि दानवीर असे प्रकार सांगितले आहेत. 'दानवीर' तिथला. मराठीत मात्र 'दानशूर' अधिक रुळला आणि तो कर्णाला कायमचा चिकटला.

कर्णाची गोष्ट नीट आठवून पाहण्यासारखी आहे. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येणार आणि कवचकुंडलं मागणार, हे सूर्याने त्याला आधीच सांगितलं होतं. ती दिली तर आपण मरणाला उघडे पडू, हेही त्याला ठाऊक होतं. तरी त्याने ती अंगावरून कापून दिली. महाभारतात त्याने बदल्यात इंद्राकडून शक्ती मागून घेतल्याचंही येतं, आणि म्हणून काही वाचक विचारतात की मग हे दान कसलं, हा तर सौदा. माझं उत्तर असं की त्याला दानशूर ठरवणारी गोष्ट बदल्यात काय मिळालं ही नाही. काय जाणार हे माहीत असताना हात मागे आला नाही, ही आहे.

म्हणून 'दानशूर' जपून वापरावा. जे दिल्याने देणाऱ्याच्या आयुष्यात खड्डा पडला, त्या देण्याला तो शोभतो. रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचं नाव ज्या आदराने घेतात, त्याचं कारण हेच. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. रकमेत मोजलं तर मुंबईच्या शेठ लोकांच्या देणग्यांपुढे ते किती भरेल? पण दानशूर म्हणताना मनात आधी त्या येतात.

'उदार' आणि 'दाता' एकच का?

जवळचे, पण एक नाहीत. दाता हा देण्याच्या कृतीवरून ठरतो, उदार हा स्वभावावरून. हातात काही नसलेला माणूसही उदार असू शकतो: दुसऱ्याचं कौतुक करण्यात, चूक पोटात घालण्यात. 'जिवावर उदार होणे' या वाक्प्रचारात तर उदारपणा टोकाला गेला आहे, तिथे माणूस जीवच द्यायला तयार झालेला असतो. उलट 'राजा उदार झाला, हाती भोपळा दिला' ही म्हण मोठ्या माणसाच्या क्षुल्लक देण्यावर बोट ठेवते.

बोलताना आपण सढळ हाताचा, मोकळ्या हाताचा, दिलदार, मनाचा मोठा असं म्हणतो. जिवंत माणसाचं तोंडावर कौतुक करायचं असेल तर हेच शब्द बरे. 'काका, तुमचा हात सढळ आहे' हे ऐकून माणूस हसतो. 'काका, तुम्ही दानशूर आहात' म्हटलं तर तो अवघडतो.

'दानत' हा शब्द दानापासून आला का?

नाही. तो अरबी 'दियानत' वरून आला आहे, अर्थ सचोटी, नीयत. मराठीत येईपर्यंत ध्वनी बदलला आणि 'दान' शेजारीच असल्यामुळे अर्थही त्याच्याकडे झुकला. 'पैसा आहे, पण देण्याची दानत नाही' हे वाक्य आता अस्सल मराठी आहे. 'त्याची दानतच खोटी' यात जुना अर्थ अजून शिल्लक आहे.

देणगीदार, वर्गणीदार, प्रायोजक, आश्रयदाते: कुणाला काय म्हणायचं?

वर्गणी म्हणजे सगळ्यांनी मिळून उचलायचा भार. गणेशोत्सवात चाळीतला प्रत्येक जण देतो, तो वर्गणीदार. देणगी ही एकाने स्वखुशीने दिलेली, म्हणून देणगीदार. पावतीपुस्तक, ताळेबंद, धर्मादाय आयुक्तांकडे जाणारे कागद, आयकराच्या सवलतीची पावती, या सगळ्यांत हाच शब्द ठेवावा. तो स्वच्छ, हिशेबी आणि कुणाला न दुखावणारा आहे.

प्रायोजक पैसे देतो आणि बदल्यात जाहिरात घेतो. यात वाईट काही नाही, पण त्याला दाता म्हटलं की दोघांचाही घोटाळा होतो. नाट्यगृहाच्या पडद्यावर दुकानाचं नाव झळकणार असेल तर सरळ प्रायोजक लिहावं. आश्रयदाता हा दीर्घकाळ पाठीशी उभा राहणारा. नियतकालिकं, संगीत मंडळं, व्यायामशाळा यांच्या सभासदयादीत 'आश्रयदाते' हा वेगळा वर्ग असे आणि काही ठिकाणी अजून असतो.

'पाणी सोडणे' आणि 'तुळशीपत्र ठेवणे' यांचा दानाशी काय संबंध?

फार जवळचा. दान देण्याच्या विधीत वस्तूवर तुळशीचं पान ठेवून हातावरून पाणी सोडतात. यजमानाच्या उजव्या तळव्यावर पळीने पाणी घालतात, बोटांच्या टोकांवरून ते ताम्हनात उतरतं आणि त्या क्षणी वस्तूवरचा त्याचा हक्क संपतो. गाय असो, जमीन असो की सोन्याची अंगठी, पाणी हातावरून गेलं की ती परक्याची.

तिथून मराठीने दोन वाक्प्रचार घेतले. 'नोकरीवर पाणी सोडलं' म्हणजे ती कायमची गेली असं मानलं. 'घरादारावर तुळशीपत्र ठेवलं' म्हणजे सर्वस्व सोडून निघाला. आज हे बोलताना ताम्हन कुणाच्याच डोळ्यांपुढे नसतं, पण अर्थ तिथूनच येतो.

बळीराजाच्या कथेतही मोक्याचं आहे ते पाणी. वामनाला तीन पावलं जमीन देतो म्हणून बळीने झारी उचलली. हा बटू कोण आहे हे ओळखलेले गुरू शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले, कारण पाणी पडलं नाही तर दानच पुरं होत नाही. वामनाने दर्भाची काडी तोटीत घातली आणि त्यात शुक्राचार्यांचा डोळा गेला. देणारा देतो आहे, घेणारा हात पुढे करून उभा आहे आणि मध्येच कुणीतरी अडवून बसला आहे, अशा माणसाला म्हणून 'झारीतला शुक्राचार्य' म्हणतात. मंजूर झालेली शिष्यवृत्ती महिनोन्महिने टेबलावर अडते तेव्हा यापेक्षा नेमका शब्द सापडत नाही. दाता देतो आणि कोठावळ्याच्या पोटात दुखतं, या म्हणीतला कोठावळा, म्हणजे कोठार सांभाळणारा, हाही त्याचाच भाऊ.

दात्याविषयी मला जे म्हणायचं आहे ते या विधीतच आलं आहे. पाणी सोडल्यावर देणाऱ्याचा हात रिकामा होतो. वस्तूला बांधलेली दोरी हातात ठेवून जो देतो, त्याला दुसरा कुठलाही शब्द लावा. दाता लावू नका.

दुसऱ्याच्या पैशातून देणाऱ्याला दाता म्हणावं का?

भाषेने याचं उत्तर कधीच देऊन ठेवलं आहे: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. मिठाई हलवायाची, दान आपल्या नावावर.

पण मग मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचं काय? बहामनी राजवटीतले ते अधिकारी. दुष्काळात माणसं टाचा घासून मरायला लागली तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारं उघडली. धान्य त्यांचं नव्हतं. तरी मराठी मनाने त्यांना दात्यांत बसवलं, संतांत बसवलं. कारण धान्य सरकारचं असलं तरी त्यासाठी पणाला लागलेली मान त्यांची होती. बीदरला बोलावणं आलं तेव्हा विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात जाऊन दरबारात रक्कम भरली, असं संतपरंपरा सांगते. लोकांना हे देणं इतकं पटलं की त्याचा हिशेब चुकता करायला त्यांनी देवाला पाठवलं.

अहिल्याबाई होळकरांचं उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाला आहे. काशी विश्वेश्वराच्या मंदिराची १७८० मधली उभारणी, देशभरातले घाट, धर्मशाळा, विहिरी यांसाठी त्यांनी खासगीचा पैसा वापरला, म्हणजे राजघराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नातला. दौलतीचा खजिना वेगळा, खासगी वेगळी, हा भेद त्यांनी काटेकोर पाळला. सार्वजनिक निधीतून बांधलेल्या बसथांब्यावर लोकप्रतिनिधीचं नाव दात्यासारखं मोठ्या अक्षरात रंगवलेलं दिसतं तेव्हा मला हा भेद आठवतो. तो पैसा करदात्यांचा आहे. तिथे 'निधीतून' हा शब्द पुरेसा आहे आणि खराही.

शेतकऱ्याला 'अन्नदाता' म्हणणं योग्य आहे का?

योग्य आहे. मात्र हा वापर हल्ली हिंदी बातम्यांमधून जास्त पसरला. मराठीत आधीपासून दोन भारदस्त शब्द आहेत, ते मागे पडू नयेत असं वाटतं. एक 'बळीराजा', दुसरा 'पोशिंदा'.

ज्याच्याकडून तीन पावलांत सगळं काढून घेतलं त्याला मराठी मुलखाने विसरायचं नाकारलं. दिवाळीत ओवाळताना आयाबहिणी 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त बळीला कष्टकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभं केलं. शेतकऱ्याला बळीराजा म्हणताना देण्याबरोबर लुटलं जाण्याचीही आठवण राहते. 'अन्नदाता' या शब्दात ती नाही. 'जगाचा पोशिंदा' यात तर पोसण्याचं रोजचं, न संपणारं काम आलं.

'अन्नदाता सुखी भव' हे व्याकरणाने बरोबर आहे का?

काटेकोर संस्कृतात 'भव' हे 'तू हो' असं आज्ञार्थी रूप आहे, त्याच्यासोबत संबोधन 'अन्नदातः' हवं. किंवा मग 'अन्नदाता सुखी भवतु'. पण पंगत उठताना, चूळ भरून, तृप्त मनाने म्हणायचं हे मराठी घरातलं वाक्य आहे आणि ते असंच रूढ आहे. खानावळीच्या भिंतीवर दिसलं तर दुरुस्त करायला जाऊ नये. ते यजमानालाही लागू आहे, रांधणारीलाही आणि धान्य पिकवणाऱ्यालाही.

रक्तदाता म्हणजे दाताच ना? मग रक्त विकणाऱ्याला काय म्हणायचं?

एके काळी आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देणारे होते आणि त्यांना 'व्यावसायिक रक्तदाते' म्हणत. शब्दच आतून फाटलेला. गरजेपोटी पुन्हा पुन्हा रक्त देणारी ती माणसं होती. त्यात त्यांची तब्येत जायची आणि घेणाऱ्यालाही आजाराचा धोका असायचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ही पद्धत बंद करण्याचा आदेश दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून ती बंद झाली. आता 'ऐच्छिक रक्तदाता' म्हणतात. नातेवाइकासाठी बदली म्हणून रक्त देतो तो 'बदली रक्तदाता'.

आजचा रक्तदाता साधारण १८ ते ६५ वयाचा, किमान ४५ किलो वजनाचा लागतो. एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात. पुरुषांना पुन्हा तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी देता येतं. १४ जून हा जागतिक रक्तदाता दिन, १ ऑक्टोबर हा राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन.

या शब्दाचं मोल कळायचं असेल तर बॉम्बे रक्तगटाकडे पाहावं. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो नोंदवला. अत्यंत दुर्मीळ. नेहमीच्या चाचणीत हे रक्त ओ गटासारखं दिसतं, पण या लोकांना ओ गटाचंही रक्त चालत नाही, फक्त आपल्याच गटाचं चालतं. त्यामुळे रुग्ण एका शहरात आणि दाता दुसऱ्या राज्यात असं होतं. रात्री फोन येतो आणि तो माणूस निघतो. त्याला रुग्णाचं नाव माहीत नसतं, भेट होईलच असंही नसतं. दाता या शब्दाला याहून स्वच्छ अर्थ मला दुसरीकडे दिसत नाही.

अवयवदाता, नेत्रदाता, देहदाता यांत शब्दांची काय काळजी घ्यावी?

अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा, त्यात २०११ मध्ये दुरुस्ती होऊन ऊतींचाही समावेश झाला. जिवंतपणी मूत्रपिंड किंवा यकृताचा भाग देणारा तो 'जिवंत दाता'. मेंदूमृत घोषित झाल्यावर ज्याचे अवयव दिले जातात तो 'मेंदूमृत दाता'. अवयवांची खरेदीविक्री हा गुन्हा आहे.

एक गोष्ट लिहिणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. मेंदूमृत दात्याच्या बाबतीत प्रत्यक्ष होकार बहुतेकदा कुटुंब देतं, अतिदक्षता विभागाबाहेर उभं राहून, काही तासांत. बातमीत दात्याचं नाव येतं आणि हे कुटुंब एका ओळीत संपतं. 'दाता कुटुंब' हा शब्द आता वापरात येतो आहे, तो जरूर वापरावा. आणि 'अवयव काढून घेतले' असं लिहू नये, 'अवयवदान झालं' लिहावं. वाचणाऱ्यांत ते कुटुंबही असतं.

अनेकवचन, स्त्रीलिंग आणि शुद्धलेखनाचं काय?

एक दाता, अनेक दाते. विभक्ती लागताना 'दात्या' हे सामान्यरूप होतं: दात्याने, दात्याला, दात्यांचा. 'रक्तदातांनी' असं फलकावर सर्रास दिसतं, ते चूक. दातांनी चावतात, रक्त दिलं ते रक्तदात्यांनी. आदराने बोलताना एकालाही अनेकवचन: 'ते मोठे दाते होते'.

स्त्रीलिंग दात्री: रक्तदात्री, जीवनदात्री. 'धात्री' वेगळी, तिचा अर्थ दाई किंवा पृथ्वी. १८४५ मध्ये पुरा झालेला मुंबईतला माहीमचा कॉजवे ज्यांच्या देणगीतून झाला त्या अवाबाई जमशेटजी यांना दात्री म्हणावं. दानशूर हे विशेषण मात्र लिंगाने बदलत नाही. भाववाचक नाम 'दातृत्व', त्यात ऋ आहे, 'दात्रुत्व' नको. जोडशब्द तोडू नयेत: रक्तदाता, करदाता. आणि मत देणाऱ्याला मराठीत मतदार म्हणतात, 'मतदाता' हिंदी.

दात्याचं नाव लिहावं की गुप्त ठेवावं?

नाव लिहिण्याची चाल आजची नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबाखांबावर, भिंतींवर ब्राह्मी लिपीत देणाऱ्यांची नावं आहेत. त्यांना सुमारे दोन हजार वर्षं झाली. धेनुकाकट गावचा सिंहदत्त नावाचा अत्तरविक्या तिथे दाराचं दान नोंदवून गेला आहे. वैजयंती गावचा भूतपाल नावाचा शेठ हे जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह आपण पुरं केलं असं अभिमानाने सांगतो. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातला 'चौऱ्याऐंशीचा' म्हणून ओळखला जाणारा शिलालेख शके ११९५ ते ११९९ म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७ मधला. ती देणाऱ्यांची यादीच आहे. त्यात यादवराजा रामचंद्र आणि हेमाडपंत यांच्यासोबत इतर भक्तही येतात.

हे लेख नसते तर त्या काळचा अत्तरविक्या दान देण्याइतका सुखवस्तू होता, हे आपल्याला कुठून कळलं असतं? तेव्हा नाव लिहिण्यात पाप नाही. नाव किती मोठं आणि कुणाचं, हा प्रश्न आहे. प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाच्या मनोऱ्याला देणगी दिली, नाव आईचं दिलं: राजाबाई टॉवर, १८७८ मध्ये पुरा झालेला. खेड्यातल्या देवळात पंख्याच्या तीनही पात्यांवर लाल रंगात 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असतं. पंखा फिरत असताना ते वाचता येत नाही, वीज गेली की दिसतं. मला हे आवडतं. पंख्याच्या किमतीच्या मानाने अक्षरं बेताची असतात आणि वारा सगळ्यांना लागतो.

गुप्तदानाचीही आपली रीत आहे. फळात किंवा लाडवात नाणं दडवून देतात, घेणाऱ्यालाही ते नंतर कळतं. वर्गणीच्या यादीत 'गुप्तदान: ५०१' अशी ओळ असते, ती वाचून गावात तर्क चालतात. ते चालू द्यावेत, पण संस्थेने नाव फोडू नये.

देणगीच्या शेवटी एक रुपया का असतो?

५१, १०१, ५०१ असं देणं शुभ मानतात. शून्यावर थांबू नये, पुढे चालू राहावं, ही भावना. जुन्या सव्वा रुपयाच्या दक्षिणेमागेही तीच.

एकदा दिलेलं परत मागता येतं का?

जुन्या लोकांनी याची तजवीज दगडात करून ठेवली होती. शिलाहार, यादव यांच्या काळातल्या दानलेखांच्या खाली गाढवाचं चित्र असलेली शिळा आढळते, तिला गधेगाळ म्हणतात. हे दान जो मोडील त्याला अभद्र शिवी त्या चित्रात कोरलेली असते. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ती समजावी म्हणून चित्र. कोकणात अशा शिळा बऱ्याच सापडतात. मुख्य म्हणजे शाप परक्या राजालाच नव्हता; दात्याच्या वंशजांनाही तो लागू होता.

आजचा कायदा शाप देत नाही, अटी सांगतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ प्रमाणे बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय, स्वेच्छेने दिलेलं आणि दात्याच्या हयातीत स्वीकारलेलं. कायद्याच्या मराठीत देणारा 'दाता', घेणारा 'आदाता'. प्रत्यक्ष बक्षीसपत्रात 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. घर किंवा जमीन असेल तर दस्त नोंदवलेला आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्यांचा हवा. पुरं झालेलं बक्षीस मनात आलं म्हणून मोडता येत नाही.

एक अपवाद वयस्कर वाचकांनी जरूर ध्यानात ठेवावा. ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा आहे, त्याचं कलम २३. आपला सांभाळ करावा या अटीवर मुलांना घर दिलं आणि त्यांनी सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. म्हणून बक्षीसपत्रात सांभाळाची अट शब्दांत लिहून घ्यावी. असं लिहायला आईवडलांना संकोच वाटतो, तरी लिहावं.

घेणारा दात्याला काय म्हणतो?

भल्या पहाटे मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव दारात येतो, टाळ-चिपळ्या वाजतात, घरातली बाई सुपातून धान्य आणते. तो ते घेतो आणि 'दान पावलं' म्हणत एकेका देवाचं नाव घेतो: पंढरीच्या विठोबाला, जेजुरीच्या खंडोबाला. 'मला मिळालं' असं तो म्हणत नाही. पसाभर जोंधळे दिले तरी ते देवांपर्यंत पोचल्याची पोच मिळते. ग्रहणात 'दे दान, सुटे गिराण' अशी हाक यायची. सूर्यचंद्राची सुटका देणाऱ्याच्या हातात आहे, असं मागणारा सांगे. दोन्हींत मागणाऱ्याची मान ताठ आहे. त्यालाही काहीतरी द्यायचं असतं.

आभाराचा मजकूर कसा लिहावा?

नमुन्यादाखल: 'शाळेच्या वाचनालयास पुस्तके दिल्याबद्दल आम्ही देणगीदारांचे ऋणी आहोत.' 'या शिबिरात रक्तदान करणाऱ्या सर्व रक्तदात्यांचे आभार.' 'आईच्या स्मरणार्थ तिच्या मुलांकडून.' देणाऱ्याने नेमकं काय दिलं ते लिहिलं की विशेषणांची गरज उरत नाही. 'थोर दानशूर व्यक्तिमत्त्व' लिहिण्यापेक्षा 'पाण्याची टाकी बांधून दिली' हे लिहा. रक्कम फलकावर घालायची की नाही, हे ठरवण्याआधी देणाऱ्याला विचारा. नावाचं स्पेलिंग, कै. की श्री., हे त्याच्याच हातून एका कागदावर लिहून घ्या. दगडावर एकदा चुकीचं कोरलं गेलं की दुरुस्त होत नाही.